"सलाईन लावा, उतरंल"

रात्री अकरा-साडेअकराला कॅज्युअल्टीच्या दारात रिक्षा थांबते. दोघं जण तिसऱ्याला काखेत हात घालून खाली घेतात. शर्टावर उलटीचा ओघळ, एक चप्पल रिक्षातच राहिलेली. केसपेपर निघायच्या आधीच त्यातला एक सांगून मोकळा होतो, "डॉक्टर, जास्त झालीय वो त्याला. एक सलाईन लावा की, उतरंल." सोलापुरात सिव्हिल असो की एखादं खासगी हॉस्पिटल, रात्रपाळी करणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला हे वाक्य ओळखीचं आहे. या छोट्या वाक्यात दोन चुका लपलेल्या आहेत. सलाईननं दारू उतरत नाही, ही पहिली. दुसरी जास्त महागात पडणारी: रोगाचं निदान दारातच, नाकानं होऊन गेलेलं असतं.

आधी हिशेब करू. व्हिस्की किंवा रमची क्वार्टर म्हणजे १८० मिली, त्यात ४२.८ टक्के अल्कोहोल. म्हणजे जवळपास ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. निरोगी यकृत ताशी ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल जाळतं. एक क्वार्टर पूर्ण निघून जायला सहा ते आठ तास लागतात, दोन क्वार्टर असतील तर रात्र संपून दुपार उजाडते. रोज पिणाऱ्याचं यकृत काही वर्षं हे काम जरा जास्त वेगानं करतं, मग ते स्वतःच खराब होतं आणि तो वेगही जातो. रक्तातल्या आकड्यांत सांगायचं तर दर तासाला १०० मिली रक्तामागे १५ ते २० मिलिग्रॅम कमी होतात. गाडी चालवण्यासाठी कायद्यानं ठरवलेली मर्यादा ३० मिलिग्रॅमची आहे. मध्यरात्री बारा वाजता ज्याच्या रक्तात २०० आहे, तो सकाळी आठ वाजता चहा पिऊन ताजातवाना दिसत असला, तरी मोटारसायकल चालवण्याच्या स्थितीत नसतो.

हा वेग वाढवता येत नाही, कारण काम करणारं एन्झाइम थोड्याच दारूत पूर्ण गुंतून जातं. एसटी स्टँडवर तिकिटाची एकच खिडकी उघडी असावी, तसं. रांग कितीही वाढली तरी आतला माणूस तेवढीच तिकिटं फाडणार. लघवी, श्वास आणि घाम मिळून बाहेर पडणारी दारू फार थोडी असते, त्यामुळे दोन-तीन बाटल्या सलाईन देऊन "लघवीवाटे काढून टाकू" हा विचारच चुकतो. दोन तासांनी एवढंच होतं की मूत्राशय तट्ट फुगतं आणि शांत झोपलेला माणूस हातपाय झाडायला लागतो.

सलाईन निरुपयोगी आहे असं मात्र कुणी समजू नये. मे महिन्यात पारा ४३-४४ वर असताना दिवसभर उन्हात काम केलेला, संध्याकाळी उपाशीपोटी प्यायलेला आणि चार उलट्या झालेला माणूस कोरडा पडलेला असतो. त्याला पाणी हवंच. सलग दोन-तीन दिवस पिऊन, जेवण सोडून, उलट्यांनी हैराण होऊन पोट धरून आलेला, जोरजोरात खोल श्वास घेणारा माणूस कीटोअ‍ॅसिडोसिसमध्ये (रक्त आम्लधर्मी होण्याच्या आजारात) असू शकतो. त्याची शुगर नॉर्मल किंवा कमी असते. त्याला थायमिन (व्हिटॅमिन बी-१) आणि डेक्स्ट्रोज (साखर) घातलेलं सलाईन दिलं, की काही तासांत चेहरा बदलतो. पण ते औषध त्या आजाराचं आहे. नशेचं औषध म्हणून बाटली टांगली, की नातेवाइकांना उपचार सुरू झाल्यासारखं वाटतं, स्टाफलाही तसंच वाटू लागतं आणि सगळ्यांचं लक्ष माणसावरून बाटलीकडे जातं. या चुकीची खरी किंमत हीच.

पोट धुण्याचंही तसंच. दारू पोटातून आणि लहान आतड्यातून तासाभरात बरीचशी रक्तात गेलेली असते, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाला नळी घालणं म्हणजे उलटी फुफ्फुसात जायला वाट करून देणं. कोळशाची पावडर अल्कोहोलला धरून ठेवत नाही. दारू लवकर उतरावी म्हणून मेटाडॉक्सिनचं इंजेक्शन काही ठिकाणी देतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे, त्याच्या भरवशावर देखरेख सैल करू नये. घरी होणारे उपाय तर जीव घेऊ शकतात. लिंबू, ताक, काळा चहा शुद्धीतल्या माणसाला दिला तर बिघडत नाही. पण उलटी व्हावी म्हणून मिठाचं पाणी पाजणं बंदच व्हायला हवं. त्यानं रक्तातलं सोडियम इतकं चढू शकतं की मेंदूला इजा होते. झोकांड्या खाणाऱ्याला थंड पाण्याखाली धरलं, तर तो तिथंच पडून डोकं फोडून घेतो.

मग करायचं काय? वेळ जाऊ द्यायचा, आणि तो जात असताना माणूस जिवंत ठेवायचा. ऐकायला सोपं वाटतं, पण रात्रीच्या कॅज्युअल्टीत याहून कठीण काम दुसरं नाही.

पहिली गोष्ट, कुशीवर. उताणं झोपवलेल्या माणसाच्या घशात उलटी साचते, आणि नशेत खोकण्याची ताकद नसते. त्याच्या डाव्या बाजूला उभं राहून त्याचा डावा हात काटकोनात बाहेर काढायचा, उजव्या हाताचा पंजा त्याच्या डाव्या गालाखाली आणायचा, उजवा गुडघा वर उचलून वाकवायचा आणि तो गुडघा आपल्याकडे ओढायचा. माणूस आपोआप वळतो. मान किंचित मागे, तोंड खालच्या दिशेला. हे करण्याआधी गालात बघायचं. आपल्याकडे तंबाखूची गोळी नाहीतर मावा तिथं हमखास असतो, आणि कवळी असेल तर तीही. दिसेल तेवढंच काढायचं, आंधळेपणानं बोट खोल घालायचं नाही. पडल्याची किंवा अपघाताची शंका असेल तर मानेला कॉलर, आणि वळवायचं ते डोकं-मान-पाठ एका रेषेत ठेवून, तिघाचौघांनी मिळून. घशातली उलटी ओढून घेणारं सक्शन मशीन चालू करून बघितलेलं असावं, ट्रॉलीचे कठडे वर असावेत. श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा. मिनिटाला १० च्या खाली गेला तर सीनिअरला उठवायचं. नातेवाईक समाधानानं सांगतात, "घोरतोय, म्हणजे गाढ झोप लागलीय." नशेतलं घोरणं म्हणजे जीभ मागे पडून श्वासनलिका निम्मी बंद झाल्याचा आवाज. जबडा पुढे उचलला की आवाज थांबतो, आणि आपल्याला कळतं की धोका केवढा होता. ऑक्सिजनचा मास्क लावल्यावर बोटाच्या मशीनवर ९८ दिसतं, म्हणून निर्धास्त होऊ नये. श्वास उथळ होत चालला असला तरी तो आकडा बराच वेळ छान दिसत राहतो.

दुसरी गोष्ट शुगर, आणि तीही पहिल्या पाच मिनिटांत. उपाशी माणसाच्या यकृतातला साखरेचा साठा संपलेला असतो, आणि दारू जाळण्याच्या कामात गुंतलेलं यकृत नवीन साखर तयार करू शकत नाही. ७० च्या खाली असेल आणि शुद्ध नीट नसेल तर २५ टक्के डेक्स्ट्रोज १०० मिली शिरेतून, म्हणजे २५ ग्रॅम साखर. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासायचं आणि पुढे तासातासाला, कारण मूळ कारण संपलेलं नसतं आणि शुगर पुन्हा घसरते. यकृतातला साठा सोडवणाऱ्या ग्लुकागॉनच्या इंजेक्शनचा इथं फारसा उपयोग नाही. साठाच नाही तर ते सोडवणार काय? नियमित पिणाऱ्याला सोबत थायमिन १०० मिलिग्रॅम. डोळे भिरभिरत असतील, चालताना तोल जात असेल आणि दारू उतरूनही गोंधळ असेल तर व्हर्निकेचा (थायमिन कमी पडून मेंदूला होणाऱ्या आजाराचा) संशय धरून ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, अर्ध्या तासात हळू. थायमिन स्टोअरमधून येईपर्यंत शुगर थांबवून ठेवणारे अजूनही भेटतात. तसं करू नये, मेंदू साखरेविना वाट बघू शकत नाही. आणि लहान मूल असेल, मोठ्यांच्या ग्लासात उरलेली किंवा बाटलीतली चुकून प्यायलेलं, तर हा धोका कैक पट मोठा. त्याला १० टक्के डेक्स्ट्रोज, किलोमागे २ ते ५ मिली, आणि वासावर अंदाज न बांधता थेट भरती.

तिसरी गोष्ट डोकं. याबद्दल थोडं सविस्तर लिहावंसं वाटतं, कारण सगळ्यात जास्त दगा इथंच होतो. पुणे, हैदराबाद, विजयपूर, अक्कलकोट अशा सगळ्या बाजूंचे रस्ते या शहरात येऊन मिळतात, आणि रात्रीच्या अपघातातल्या कित्येकांच्या तोंडाला वास असतो. वर्षानुवर्षं पिणाऱ्याचा मेंदू थोडा आकसलेला असतो, कवटी आणि मेंदूमधल्या शिरा ताणलेल्या असतात, प्लेटलेट्स कमी असतात. बाथरूममध्ये घसरण्याएवढं निमित्त त्याला पुरतं. म्हणून ग्लासगो स्केल (शुद्धीचे पंधरापैकी गुण) एकदा लिहून भागत नाही, ते दर अर्ध्या तासानं लिहावं लागतं. दारूची बेशुद्धी तासागणिक हलकी होत जाते. डोक्याला मार असलेला माणूस दोन तासांनीही १५ वर आला नाही तर सीटी. मार दिसत नसला, तरी तीन-चार तासांत काहीच सुधारणा नाही किंवा आकडा एकानंही खाली आला, तरी सीटी. डोळ्याची एक बाहुली मोठी, एका बाजूचा हात कमी हलतोय, आकडी आली, तर घड्याळ बघत बसायचंच नाही. "दारू उतरल्यावर बघू" या वाक्यानं किती सबड्युरल (कवटीखाली मेंदूवर होणारे रक्तस्राव) सकाळपर्यंत वाढू दिले, याचा विचार करवत नाही.

या स्केलमध्ये सोलापूरची एक खास अडचण आहे. बोलण्याचे गुण पाचपैकी देतात: नीट बोलतो पाच, गोंधळलेलं बोलतो चार, असंबद्ध शब्द तीन, नुसते आवाज दोन. आता पूर्व भागातला माणूस नशेत घरची तेलुगू बोलतो, अक्कलकोटकडचा कन्नड बोलतो, आणि लातूर किंवा नाशिकहून शिकायला आलेला इंटर्न लिहितो, "असंबद्ध बडबड, व्ही थ्री." सोबतच्याला विचारलं तर कळतं, तो पोरीचं नाव घेऊन अगदी स्पष्ट सांगतोय की चुलीवरचं दूध बघ. उलटंही घडतं. "त्याच्या भाषेत काहीतरी बोलतोय" म्हणून पाच गुण दिले जातात आणि तो खरोखर भरकटत असतो. या शहराच्या कॅज्युअल्टीत तेलुगू आणि कन्नड समजणारी सिस्टर किंवा वॉर्डबॉय मामा कोण, हे पाळी सुरू होतानाच माहीत असायला हवं. सक्शन मशीनइतकंच ते गरजेचं आहे.

वासाआड काय काय लपतं, ते बघितलं की नाकावरचा विश्वास उडतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला, प्यायलेला माणूस पहाटे उठवला तर डोळे उघडत नाही, जीभ जड. घरच्यांना वाटतं अजून उतरली नाही. मण्यारीचा दंश दुखत नाही, खूण दिसत नाही, आणि झाकल्या पापण्या हेच तिचं पहिलं लक्षण असतं. पापण्या बोटानं वर करून "माझ्याकडे बघ" म्हटल्यावर तो ऐकतो, समजतो, पण पापणी स्वतः उचलू शकत नाही. दारूनं तसं होत नाही. तिथं सापाच्या विषावरचं प्रतिविष आणि व्हेंटिलेटर हे उपचार आहेत, आणि वेळ मिनिटांचा आहे. दुसरा प्रसंग आणखी दुखरा. कर्जानं किंवा घरच्या भांडणानं पिचलेला शेतकरी आधी दारू पितो, मग फवारणीचं औषध. आणणारे फक्त दारूचं सांगतात, कधी माहीत नसतं म्हणून, कधी लाजेनं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, तोंडाला फेस, अंग घामानं भिजलेलं, नाडी मंद, स्नायू फडफडताहेत: हे दिसलं की कपडे उतरवून अंग धुणं आणि अ‍ॅट्रोपिन. ०.६ मिलिग्रॅमच्या तीन अँप्युल, मग दर पाच मिनिटांनी डोस दुप्पट, छातीतली घरघर थांबेपर्यंत. म्हणून प्रत्येक दारूच्या पेशंटच्या बाहुल्या टॉर्च लावून बघायच्या आणि खिसे तपासायचे. आणि उन्हाळ्यात रस्त्याकडेला पडलेला माणूस आणला तर तापमान काखेत मोजू नये, गुदमार्गातून मोजावं. ४० च्या वर असेल तर तो उष्माघाताचा पेशंट. ओल्या चादरी, पंखा, काखेत-जांघेत बर्फ.

बाटलीत काय होतं, हा प्रश्नही वासानं सुटत नाही. ताडीत नशा वाढावी म्हणून क्लोरल हायड्रेट किंवा झोपेच्या गोळ्यांची पूड मिसळण्याचे प्रकार आपल्याकडे आणि शेजारच्या तेलंगणात वर्षानुवर्षं होत आलेत. क्लोरल हायड्रेट हृदयाला इतकं हळवं करतं की ठोके भलतेच विस्कळीत होतात. अशा वेळी सवयीनं अ‍ॅड्रेनालिन दिलं तर आगीत तेल पडतं. तिथं ठोके आवरणारं बीटा-ब्लॉकर लागतं. ताडी पिऊन आलेल्याचा ईसीजी काढणं म्हणून टाळायचं नाही.

आणि मेथॅनॉल, म्हणजे कारखान्यात वापरलं जाणारं विषारी अल्कोहोल. जून २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून जास्त माणसं गेली ती यानंच. गूळ आणि नवसागराच्या हातभट्टीत आंबवण्यातून येणारं मेथॅनॉल नगण्य असतं. सामूहिक बळी जातात ते कारखान्यातलं मेथॅनॉल वरून मिसळल्यामुळे. जिल्ह्यातल्या भट्ट्या बंद व्हाव्यात आणि त्या लावणाऱ्यांना दुसरा रोजगार मिळावा म्हणून सोलापूर ग्रामीण पोलिसांनी २०२१मध्ये 'ऑपरेशन परिवर्तन' सुरू केलं, त्याचं मोल कॅज्युअल्टीत बसून जास्त कळतं. मेथॅनॉलचा पेशंट प्यायल्या रात्री येत नाही. बारा ते चोवीस तासांनी येतो, सोबत साधी दारूही घेतली असेल तर त्याहून उशिरा. नशा उतरलेली, वासही नसतो. पोटात कळा, धाप, आणि "डोळ्यापुढं पांढरं धुकं दिसतंय." हे वाक्य ऐकल्याबरोबर एबीजी (धमनीतल्या रक्ताची आम्ल-वायूंची तपासणी) पाठवायचं. रक्त आम्लधर्मी निघालं, तर बायकार्बोनेट आणि फोलिनिक अ‍ॅसिड सुरू करायचं, आणि उतारा म्हणून फोमेपिझोल मिळालं नाही तर इथॅनॉल: किलोमागे ०.६ ते ०.८ ग्रॅम, शिरेतून किंवा पातळ करून राईल्स ट्यूबनं (नाकातून पोटात घातलेल्या नळीनं), पुढे रक्तातली पातळी १०० ते १५० मिलिग्रॅमच्या दरम्यान राहील असं. इथॅनॉल त्या एन्झाइमची खिडकी अडवून धरतं, म्हणून मेथॅनॉलचं फॉर्मिक अ‍ॅसिड होत नाही. दृष्टी गेली असेल किंवा आम्ल फार असेल तर डायलिसिस, आणि डायलिसिस चालू असताना इथॅनॉलचा डोस वाढवायचा, कारण मशीन तेही काढून टाकतं. आणि पहिला प्रश्न विचारायला विसरायचं नाही: तुझ्यासोबत अजून कोण कोण बसले होते? ते घरी झोपलेले असतात.

दंगा करणाऱ्याबद्दल. शिव्या देतो, सुई उपसतो, म्हणून लगेच बांधायची घाई होते. त्याआधी चार गोष्टी बघाव्यात: ऑक्सिजन, शुगर, कुठं हाड मोडलंय का, आणि मूत्राशय. बेंबीखाली हात ठेवला तर कधीकधी नारळाएवढा गोळा लागतो. लघवी करवली की तो माणूस बाळासारखा झोपतो. तरीही आवरत नसेल तर शांत करणारं हॅलोपेरिडॉल ५ मिलिग्रॅम स्नायूत, ईसीजी बघून. लोराझेपाम हे गुंगीचं औषध दारूच्या जोडीला श्वास दाबतं, ते द्यावं लागलं तर श्वासावर डोळा ठेवूनच. बांधावंच लागलं तर पालथं कधीच नाही, आणि दर पंधरा मिनिटांनी बोटांचा रंग बघायचा. त्याला 'ए बेवड्या' म्हणून कुणी हाक मारू नये, असं मनापासून वाटतं. नावानं हाक मारल्यावर तो वळून बघतो का, ही तपासणीसुद्धा आहे.

पोलिसांसाठी रक्त काढायचं असेल तर हात स्पिरिटनं पुसायचा नाही, साबण-पाण्यानं धुवायचा. नमुना सोडियम फ्लोराइड आणि पोटॅशियम ऑक्झलेट असलेल्या बल्बमध्ये, सील करून. 'दारू घेतली आहे' आणि 'दारूच्या अंमलाखाली आहे' ही दोन वेगळी मतं आहेत, ती वेगळीच लिहायची. तो रिपोर्ट आठवड्यांनी येतो, उपचार त्याच्यासाठी थांबत नाहीत.

सकाळी सोडताना तो सरळ चालतोय का, चहा-बिस्किट पोटात राहतंय का, घेऊन जायला कोण आलंय, हे बघायचं. मनगटही बघायचं. रात्रभर दंडावर वजन पडून झोपलेल्याचा पंजा सकाळी लुळा पडलेला असतो, उचलताच येत नाही. बहुतेकांचा काही आठवड्यांत सुधारतो, पण पायाची पोटरी किंवा दंड दगडासारखा घट्ट झाला असेल आणि लघवी काळपट असेल, तर सुट्टी रद्द.

आणि शेवटचा घोट कधी घेतला, ते विचारून ठेवायचं. रोज पिणाऱ्याची दारू अचानक थांबली की कंप सहा तासांनंतर सुरू होतो, आकडी पहिल्या दोन दिवसांत येते, आणि भ्रम, ताप, छतावर मुंग्या दिसणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी. मांडीचं हाड मोडलं म्हणून भरती झालेला शांत, सज्जन माणूस तिसऱ्या रात्री पायाला लावलेलं वजन (ट्रॅक्शन) सोडून पळायला लागतो, तेव्हा तो ऑर्थोच्या वॉर्डात असतो, आणि कॅज्युअल्टीतली ती रात्र तिथं कुणाला ठाऊक नसते. केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात तारीख आणि वेळ मोठ्या अक्षरात लिहिलेली असली, तर तिथली सिस्टर संध्याकाळीच त्याचे हात पुढे करायला सांगते, बोटं थरथरताहेत का ते बघते आणि लोराझेपामसाठी फोन करते.